परतीचा कागद

इ.स. २५० च्या उन्हाळ्यात इजिप्तच्या फय्यूम भागात पपायरसवर अर्जामागून अर्ज लिहिले जात होते. मजकूर जवळपास ठरलेला: मी देवांना नेहमीच बळी देत आलो आहे, आज आपणासमक्ष अर्घ्य दिले, प्रसाद चाखला, तरी तसा दाखला मिळावा. रोमन सम्राट डेशियसचा हुकूमच तसा होता. असे चाळीसहून अधिक दाखले पुढे वाळूतून सापडले. त्यांतला एक तर पेटेसुखोस या मगरदेवाच्या पुजारिणीचा आहे! जन्म देवळात घालवलेल्या बाईलाही आपण देव मानतो हे लिहून द्यावे लागले. सरकारी फर्मानाची तऱ्हा तेव्हाही हीच. ख्रिस्ती लोकांना असे बळी देणे निषिद्ध होते; तरी त्यांच्यापैकी कुणी बळी दिला, कुणी चिमूटभर धूप जाळला, तर कुणी काहीच न करता अधिकाऱ्याचे हात ओले करून नुसता कागद मिळवला. या साऱ्यांना लॅटिनमध्ये एकच नाव पडले, ‘लाप्सी’, म्हणजे पडलेले.

पुढच्याच वर्षी डेशियस लढाईत मारला गेला आणि पडलेले उठून चर्चच्या दाराशी आले. त्यांना आत घ्यायचे का? दुसऱ्या शतकातल्या ‘हर्मासचा मेंढपाळ’ या ग्रंथाने बाप्तिस्म्यानंतर पश्चात्तापाची एकच संधी मान्य केली होती. पण एवढा लोंढा कुणी कल्पिला नव्हता. कार्थेजमध्ये तर आणखी एक कागद निघाला. छळ सोसूनही न डगमगलेले कैदी पडलेल्यांना शिफारसपत्रे देऊ लागले, तीही ‘अमुक आणि त्याची माणसे’ अशी मोघम. ‘त्याची माणसे’ म्हणजे वीस की तीस, अशी बिशप सिप्रियनची तक्रार होती. तो स्वतः छळाच्या काळात लपून राहिला होता, त्यामुळे त्याच्या शब्दाला धार कमी होती. तरीही २५१ मध्ये त्याने धर्मसभेकडून मधला मार्ग काढून घेतला: नुसता दाखला घेतलेल्यांना चौकशी करून परत घ्यावे, बळी दिलेल्यांनी प्रायश्चित्त करत राहावे आणि मरणाच्या वेळी त्यांना क्षमा मिळावी. रोममध्ये नोव्हेशियन या धर्मगुरूला एवढेही मान्य नव्हते; त्याने वेगळी चूल मांडली आणि ती काही शतके पेटती राहिली. मला विचाराल तर या साऱ्या वादात पाय जमिनीवर होते ते सिप्रियनचे.

३२५ मध्ये नायसियाच्या परिषदेने परतीचा रस्ता वर्षांत मोजला. जबरदस्ती नसताना श्रद्धा सोडलेल्यांनी ३ वर्षे फक्त वाचन ऐकावे, ७ वर्षे दंडवत घालावा, २ वर्षे प्रार्थनेत उभे राहावे पण प्रभुभोजनाला शिवू नये. एकूण १२ वर्षे! नोव्हेशियनपंथी बिशप अकेसियसला हीदेखील सूट वाटली, तेव्हा सम्राट कॉन्स्टंटाइनने त्याला शिडी लावून एकट्यानेच स्वर्गात चढायला सांगितले, अशी आख्यायिका आहे. पुढे आयरिश मठांतून खासगी आणि पुनःपुन्हा करता येणारे प्रायश्चित्त आले, १२१५ च्या लॅटरन परिषदेने वर्षातून एकदा पापकबुली सक्तीची केली, सोळाव्या शतकात मिलानच्या कार्डिनल बोरोमेओने जाळीच्या लाकडी कबुलीकक्षाचा आग्रह धरला. गोव्यात कबुलीला ‘कुमसार’ म्हणतात, तो शब्द पोर्तुगीजांबरोबर आला. चारचौघांतला दंडवत असा जाळीआडच्या कुजबुजीपर्यंत आला.

कागद मात्र सुटला नाही. आजच्या जर्मनीत चर्चच्या सभासदाला आयकराच्या ८ ते ९ टक्के चर्चकर भरावा लागतो. तो टाळायचा, किंवा चर्चशी नातेच तोडायचे, तर सरकारी कचेरीत जाऊन नाव कमी करावे लागते आणि तिथे तसा दाखला मिळतो. एकट्या २०२२ मध्ये ५ लाखांहून अधिक कॅथलिकांनी तो घेतला. ज्याला परत यायचे आहे तो धर्मगुरूंना भेटतो, अर्ज करतो आणि बिशपच्या संमतीने पुन्हा सामावला जातो. भेटीला जाताना दोन कागद सहसा बरोबर न्यावे लागतात: एक बाप्तिस्म्याचा, दुसरा बाहेर पडल्याचा.