कापसाची तलमता मोजणारी हवा

दसरा उलटला की बीड जिल्ह्यात गेवराई, माजलगावच्या पट्ट्यात कापसाची वेचणी जोर धरते. शेजारशेजारचे दोन ढीग सारखेच पांढरे दिसले, तरी त्यांतील तंतूंची लांबी आणि तलमता वेगळी असू शकते. तलमता मोजणारे यंत्र मात्र चालते ते हवेवर.

पूर्वी हे काम कमालीचे किचकट होते. तंतू ठराविक लांबीचे कापायचे, शेकड्यांनी मोजायचे व नाजूक तराजूत तोलायचे. १९४० च्या दशकात अमेरिकेत ‘मायक्रोनेअर’ आले. सुमारे ३.२४ ग्रॅम स्वच्छ रुई नळकांड्यात दाबून तीतून ठराविक दाबाची हवा सोडतात. तंतू जितके बारीक, तितका त्यांचा एकूण पृष्ठभाग अधिक. साहजिकच हवेला अडथळा वाढतो आणि मायक्रोनेअरचा आकडा खाली येतो. गादीच्या फोमची वायुवहनक्षमता तपासतानाही दाब आणि प्रवाह यांचेच गणित असते. पुढे ‘एचव्हीआय’ यंत्रांनी लांबी, ताकद, रंग व मायक्रोनेअर एकत्र आणले.

मात्र यात एक मेख आहे. पाण्याच्या ताणामुळे अपक्व राहिलेल्या तंतूची भिंत पातळ असते. त्याचाही आकडा कमीच येतो. म्हणून मँचेस्टरच्या शर्ली संस्थेने एकच नमुना कमी-अधिक दाबून दोनदा हवा सोडण्याची पद्धत विकसित केली. कोरडवाहू मराठवाड्यासाठी हा फरक मोलाचा आहे. हमीभावाच्या निकषांत २९.५ ते ३०.५ मिलिमीटर लांबीच्या धाग्यासाठी मायक्रोनेअर ३.५ ते ४.३ धरला आहे. आकडा त्याखाली गेल्यास माल तलम की कच्चा, हे त्या एका आकड्यावरून कळत नाही.