‘रॅम’ आणि पहिलेपणाचा मान

* महाजन बंधू : डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या नाशिककर भावांनी २०१५ साली ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ अर्थात ‘रॅम’ ही सायकल शर्यत पूर्ण केली, हे लेखकाचे विधान बरोबर आहे. मात्र ते दोघांच्या संघाच्या गटात उतरले होते, हे इथे जोडायला हवे. कॅलिफोर्नियातील ओशनसाइडपासून मेरीलँडमधील अ‍ॅनापोलिसपर्यंतचे सुमारे ४,८०० किलोमीटर त्यांनी ८ दिवस १४ तास ५५ मिनिटांत कापले. संघासाठी मुदत ९ दिवसांची असते. या गटात एक जण सायकलवर असताना दुसऱ्याला गाडीत पाठ टेकता येते. एकट्याने उतरणाऱ्याला ती सोय नाही. त्याची मुदत १२ दिवसांची, पण झोपेतही घड्याळ चालूच! एकट्याने ही शर्यत मुदतीत पुरी करणारे पहिले भारतीय लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ. साल २०१७. तेही नाशिकमध्येच राहून सराव करत, त्यामुळे बातम्यांत संघाच्या आणि एकट्याच्या पहिलेपणाचे दोन्ही मान एकमेकांत मिसळणे साहजिक होते. त्याच वर्षी गोकुळनाथांच्या मागोमाग, अवघ्या काही तासांनी, नागपूरचे डॉ. अमित समर्थ अ‍ॅनापोलिसला पोहोचले. पुढील पानांवर ‘पहिले’ असा उल्लेख येईल तिथे वाचकांनी गट आणि साल दोन्ही पाहावे. — संपा.