जलाभेद्य कीं जलरोधी?

श्रोतेहो, आज मी आपल्यापुढें एका शब्दाचा इतिहास मांडणार आहें. तो शब्द म्हणजे 'वॉटरप्रूफ'. दिसावयास साधा, पण गेलीं दोनशें वर्षें तो विकणारा आणि घेणारा यांच्यामधील तंट्यास कारण होत आला आहे.

या विषयाकडे मी वळलों तो एका लहानशा अपघातामुळें. गेल्या पावसाळ्यांत माझा मोबाईल साबणाच्या पाण्याच्या बादलींत पडला. मीं तो लगेच बाहेर काढला. यंत्र अवघें सात-आठ महिन्यांचें; खोक्यावर 'आय्‌पी ६८' हीं अक्षरें; त्यामुळें मी निर्धास्त होतों. दुसऱ्या दिवशीं तो बंद पडला, तो कायमचाच. दुरुस्ती करणाऱ्या तरुणानें आंतील पांढरी पट्टी तांबडी झालेली दाखविली आणि म्हणाला, "काका, पाण्यानें झालेलें नुकसान हमींत बसत नाहीं." त्या यंत्रांत माझ्या कैलासवासी थोरल्या बहिणीनें म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या होत्या. दुसरी प्रत मीं ठेवली नव्हती. जी वस्तु पाण्यास तोंड देईल म्हणून विकली जाते, तिचें पाण्यानें झालेलें नुकसान विकणारा कां भरून देत नाहीं, हा प्रश्न तेव्हां मनांत आला तो गेला नाहीं.

या कथेचा आरंभ ग्लासगो शहरीं होतो. तेथील रसायनज्ञ चार्ल्स मॅकिन्टॉश यानें १८२३ सालीं एक पेटंट घेतलें. नॅफ्था नांवाच्या द्रवांत रबर विरघळवून त्याचा थर दोन कापडांमध्यें द्यावयाचा, ही त्याची युक्ति. कापडांतून पाणी जाईना; परंतु शिंप्यानें त्याचा कोट शिवला कीं सुईच्या भोंकांतून पाणी आंत यावयाचें! शिवाय तें रबर थंडींत ताठ व उन्हांत चिकट होई. पुढें गंधकाबरोबर रबर तापवून तें टिकाऊ करण्याची कृति अमेरिकेंत चार्ल्स गुडइयर व इंग्लंडांत टॉमस हॅनकॉक यांनीं १८४४ च्या सुमारास सिद्ध केली, आणि हा दुसरा दोष पुष्कळसा गेला. पहिला धडा मात्र राहिला. कापड जलाभेद्य असणें वेगळें आणि त्याचा कोट जलाभेद्य असणें वेगळें. पाणी भिंतींतून शिरत नाहीं, सांध्यांतून शिरतें.

दुसरें प्रकरण मनगटी घड्याळाचें. १९२६ सालीं रोलेक्स कंपनीनें 'ऑयस्टर', म्हणजे कालव, या नांवाचें घड्याळ काढलें. त्याची पाठ व चावी मळसूत्रानें घट्ट बसविलेली असे. त्याच सुमारास मर्सिडीज ग्लाइट्झ ही लंडनमधील टंकलेखिका इंग्लिश खाडी पोहून जाण्याचा यत्न करीत होती. ७ ऑक्टोबर १९२७ रोजीं ती यशस्वी झाली. ब्रिटिश स्त्रियांत ती पहिली. परंतु तिच्या यशाविषयीं शंका घेण्यांत आली, म्हणून २१ ऑक्टोबरला ती पुन्हां पाण्यांत उतरली. या खेपेस तिच्या गळ्यांत ऑयस्टर घड्याळ होतें. थंडगार पाण्यांत दहा तासांहून अधिक काळ काढल्यावर तिला बाहेर घ्यावें लागलें. पोहणारी पैलतीरास पोहोंचली नाहीं. घड्याळ मात्र चालूच होतें. २४ नोव्हेंबर रोजीं 'डेली मेल' पत्राच्या पहिल्या पानावर त्याची जाहिरात झळकली. ही कसोटी खरी होती, यांत शंका नाहीं. पण सिद्ध झालें तें इतकेंच कीं, एक नवें घड्याळ दहा तास पाण्यास पुरून उरलें. दहा वर्षांनंतर काय होईल, हें त्यांतून सिद्ध झालें नाहीं.

पुढें हा शब्द इतका सैल वापरला जाऊं लागला कीं, १९६० नंतरच्या दशकांत अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननें तो घड्याळांस लावूं नये असें ठरविलें. १९९० सालीं निघालेलें आंतरराष्ट्रीय मानकहि 'जलाभेद्य' नव्हे, तर 'जलरोधी' घड्याळांचें म्हणून निघालें. अभेद्य म्हणजे कधींच न भेदलें जाणारें. रोधी म्हणजे कांहीं मर्यादेपर्यंत अडविणारें. दोहोंत किल्ल्याचा तट आणि शेताचें कुंपण यांइतकें अंतर आहे.

आतां मोबाईलकडे वळूं. 'आय्‌पी' ही खूण ज्या मानकांतून आली, तें आंतरराष्ट्रीय विद्युत्-तंत्र आयोगानें १९७६ सालीं प्रथम प्रसिद्ध केलें. त्यांतील पहिला आंकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. दुसरा आंकडा ७ असेल, तर वस्तु एक मीटर पाण्यांत ३० मिनिटें ठेवून पाहिलेली असते. ८ असेल, तर कसोटी त्याहून कठीण; पण किती खोल व किती वेळ, हें कारखानदारानें सांगावयाचें. म्हणून २०१६ च्या गॅलक्सी एस ७ चा ८ म्हणजे दीड मीटर, तर २०२० च्या आयफोन १२ चा ८ म्हणजे सहा मीटर; वेळ दोहोंस अर्धा तास. आंकडा एक, अर्थ दोन! आणि ही परीक्षा नव्या वस्तूची, स्थिर व गोड्या पाण्यांत होते. समुद्राचें खारें पाणी वा साबणाचें पाणी यांविषयीं हा आंकडा मौन पाळतो.

मोबाईलमध्यें पाणी अडवितें काय? कडेचा चिकट थर, रबरी कडीं, आणि आवाजाच्या भोंकांवरील सूक्ष्म छिद्रांचे पडदे. चिकट थर काळानें व उष्णतेनें सुटतो. यंत्र पडलें कीं चौकट किंचित् वांकते. साबण पाण्याचा पृष्ठताण कमी करतो, त्यामुळें एरव्हीं पडद्यावर थबकणारें पाणी छिद्रांत शिरूं शकतें. माझा मोबाईल महिन्यापूर्वीं पायरीवर आपटला होता, हें येथें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे.

मग दोष सगळा घेणाऱ्याचाच काय? दोन देशांनीं तसें मानलें नाहीं. नोव्हेंबर २०२० मध्यें इटलीच्या स्पर्धा-नियामक संस्थेनें अ‍ॅपल कंपनीस १ कोटी युरो दंड केला. जलरोधाचा गुण प्रयोगशाळेंतील विशिष्ट परिस्थितींतच खरा, हें जाहिरातींत स्पष्ट केलें नव्हतें. आणि तो गुण वाखाणून पुन्हां पाण्याचें नुकसान हमींतून वगळलें होतें. जून २०२२ मध्यें ऑस्ट्रेलियाच्या संघीय न्यायालयानें सॅमसंगच्या तेथील कंपनीस १ कोटी ४० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर दंड ठोठावला. जाहिरातींत मोबाईल तलावांत व समुद्रांत वापरतांना दाखविले होते. प्रत्यक्षांत तसे भिजल्यावर चार्जिंगचें भोंक ओलें असतांना तो लावल्यास तें गंजण्याचा संभव होता, हें कंपनीनें मान्य केलें.

तेव्हां आपल्या प्रश्नाचें उत्तर हें कीं, मोबाईल जलाभेद्य नाहीं. तो जलरोधी आहे, आणि तोहि दिवसेंदिवस कमी होत जाणारा. ग्राहकानें यंत्र कसें वापरलें हें कारखानदारास कळत नाहीं, ही त्याची अडचण खरी. पण मग चित्रांत समुद्र आणि हमीपत्रांत कोरडी जमीन, हा दुटप्पीपणा त्यानें सोडला पाहिजे.

आपल्या घोंगडीनें कधीं पाऊस अडविण्याची प्रतिज्ञा केली नाहीं, म्हणून तिनें कोणास फसविलेंहि नाहीं. आपल्या घरांतील एखादा आवाज, एखादें छायाचित्र अशा यंत्रांत असेल, तर त्याची दुसरी प्रत आजच करून ठेवा. माझ्या बहिणीच्या ओव्यांपैकीं तीनच मला आतां पाठ येतात. त्या मीं वहींत लिहून ठेवल्या आहेत.