सागवानाचा रंग

जीर्णोद्धारात जुन्या काळ्याभोर खांबाशेजारी नवी फळी बसली की गावात कुजबुज सुरू होते, ‘हा साग नव्हेच, भलतेच लाकूड गळ्यात मारले!’ केनवडसारख्या गावी पै-पै गोळा करून लाकूड आणावे लागते. तेथे अशी शंका येणे गैर नाही. सबब देणगीदार मंडळींनी सागाची हकिगत जाणून घेणे इष्ट होय.

साग हे महाराष्ट्राचे पुरातन इमारती लाकूड. मावळातील कार्ले येथे सुमारे २००० वर्षांपूर्वीच्या चैत्यगृहाच्या छतास लावलेल्या सागवानी कमानी अद्याप उभ्या आहेत. पुण्याच्या शनिवारवाड्यास (१७३०-३२) जुन्नरच्या रानातून साग आणला. तो १८२८ च्या आगीत गेला. वऱ्हाडास साग मेळघाटचा ठाऊक. २०२३ साली अयोध्येच्या राममंदिराकरिता चंद्रपूर-गडचिरोलीकडील साग बल्लारपूरहून रवाना झाला, ही विदर्भास अभिमानाची गोष्ट.

ताजा चिरलेला साग मात्र पाहणाऱ्यास फसवितो. त्यावर हिरवट-पिवळी झाक असते, मधूनच काळपट पट्टे. झाड आपल्या गाभ्यात तेलकट, रंगीत द्रव्ये साठविते. त्यांतील काही क्विनोन वर्गातील होत. त्यांच्यामुळेच वाळवी पक्क्या सागाच्या वाटेस सहसा जात नाही. हीच द्रव्ये ऊन व हवा लागताच पालटतात. काही आठवड्यांत पट्टे विरू लागतात आणि फळीवर एकसारखा सोनेरी तपकिरी रंग चढतो. दारावर लावलेली पाटी वर्षाने काढली तर तिच्या मापाचा निराळा डाग दिसतो, तो यामुळेच.

उघड्यावर पुढचा प्रकार घडतो. लाकडाचे तंतू सांधून ठेवणारे लिग्निन उन्हाने फुटते, पाऊस ते धुऊन नेतो आणि लाकूड राखी पडते. हे सारे वरच्या पातळ थरापुरते. रंधा मारला की आतला रंग पुन्हा वर येतो. गाभाऱ्याजवळच्या खांबांचा काळेपणा मात्र उन्हाचा नव्हे. तो पिढ्यान्‌पिढ्यांच्या समयांची काजळी व तेलाचा हात.

म्हणून नव्या फळीस जुन्याशी मेळ बसावा यासाठी घाईने गडद रंग देणे बरे नव्हे. फळी आपणहून गडद होत जाते, वर दिलेला रंग वेगळाच पडतो. साधे पारदर्शक व्हार्निश उजेड अडवीत नाही.

शंका घ्यायचीच तर फळीच्या कडेच्या पांढऱ्या, कच्च्या लाकडाची घ्यावी. त्यात ही द्रव्ये फारशी नसतात, आणि वाळवी प्रथम तेथेच लागते.