व्हायवानंतरची पानं

नांदेड-लातूरकडं पीएचडीचा व्हायवा म्हणजे घरचं कार्य. हार, शाल, श्रीफळ, आलेल्या सगळ्यांना जेवण आणि संध्याकाळी चौकात 'डॉ.' लावलेलं फ्लेक्स. मग एक-दोन दिवसांनी तोच माणूस पेनड्राइव्ह घेऊन दुकानात येतो आणि आवाज खाली आणून म्हणतो, "ताई, थोडं करेक्शन निघालंय. पदवीचं नोटिफिकेशन तेवढ्यासाठी थांबायलंय." मी आधी टायपिंगवर आणि पुढं डीटीपीवर पोट भरलेली बाई. या थोड्याशा करेक्शनचा इतिहास कुणी लिहिलेला नाही. पदवी हातात पडली की ही पानं कुणाला आठवत नाहीत.

आपल्या भागात डॉक्टरेट आली तीच उशिरा. निजामाच्या राज्यात विद्यापीठ म्हणजे १९१८ चं हैदराबादचं उस्मानिया, आणि तिथली भाषा उर्दू. नांदेडला पीपल्स कॉलेज निघालं १९५० साली, स्वामी रामानंद तीर्थांच्या पुढाकारानं. औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ झालं २३ ऑगस्ट १९५८ ला. लातुरात दयानंद १९६१ चं, राजर्षी शाहू १९७० चं. या कॉलेजांत लागलेले तरुण प्राध्यापक नोकरी सांभाळून प्रबंध लिहू लागले. गाइड बहुतेकांचे औरंगाबादला. एकेक प्रकरण हातानं लिहायचं, पिशवीत घालून रात्रीच्या एसटीनं नाहीतर मीटरगेजच्या गाडीनं न्यायचं आणि लाल शाईनं रंगवून परत आणायचं. असं दोन-तीनदा झालं की मगच ते टायपिंगला यायचं.

आधी इतकं वाचन व्हायचं, कारण टाइप केल्यानंतरची चूक परवडत नव्हती. वरचा कागद बाँडचा, खाली पातळ कागद आणि मध्ये कार्बन, अशा चार-पाच प्रती एका दमात निघायच्या. मराठी टाइपरायटरवर अर्धी अक्षरं वेगळी, मात्रा-वेलांट्या वेगळ्या. 'विद्यार्थ्यांच्या' हा एकच शब्द बोटांना घाम फोडायचा. त्यात एक वेलांटी चुकली, की कागद वर सरकवायचा, प्रत्येक कार्बनच्या मागं चिठ्ठी सारायची म्हणजे खालच्या प्रतीवर डाग उमटत नाही, वरच्या प्रतीवर खोडरबर आणि खालच्यांवर ब्लेडचं टोक हलक्या हातानं फिरवायचं, चिठ्ठ्या काढायच्या आणि त्याच जागी नेमकं अक्षर मारायचं. कागद बाहेर काढल्यावर चूक दिसली तर ती जागा पुन्हा तशीच्या तशी जुळत नसे. अख्खं पान नव्यानं. टाइप झालेलं पान ताडून बघायचीही रीत होती. एकानं हस्तलिखित मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं टाइप केलेल्यावर बोट ठेवायचं. प्राध्यापकाची बायको वाचतेय आणि तो तपासतोय, असं मी कितीदा बघितलं.

तरी चुका राहायच्याच. शुद्धलेखनाचे नवे नियम १९६२ चे; त्यांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले. पण जुन्या वळणाच्या सरांच्या हाताखाली शिकलेला विद्यार्थी 'कांही', 'नाहीं' लिहीतच राहायचा. एका प्रकरणात अनुस्वार, पुढच्यात गायब. परीक्षकाची नजर आधी तिथंच जायची.

आता व्हायवात चूक निघाली तर काय करायचं? प्रबंधाचं तोवर बाइंडिंग झालेलं असायचं. आमच्या शेजारचे बाइंडर चाचा खळीत मोरचूद घालायचे, म्हणजे कसर लागत नाही. पुठ्ठ्यावर मरून रेक्झिन चढवायचे, शिशाचे खिळे उलटे जुळवून, तापवून सोनेरी अक्षरं उठवायचे. शिवण उसवायला कुणी आलं की ते मला म्हणायचे, "बेटी, किताब को दुबारा खोलने नक्को बोल." उसवलं की कडेचा कागद फाटतो आणि पुन्हा कापताना समास कमी होतो. मग मधला मार्ग ठरलेला होता: एक पान शुद्धिपत्र. पृष्ठ, ओळ, अशुद्ध, शुद्ध असे चार रकाने. ते शेवटच्या कोऱ्या पानावर चिकटवलं की काम झालं. त्यापलीकडं फारसं कुणी बघत नसे. प्रत ग्रंथालयाच्या कपाटात जायची आणि तिच्यातली चूकही तिच्याबरोबर कुलपात बसायची.

सादर केल्याच्या तारखेचं वजनही मोठं होतं. १९९१ पासून प्राध्यापकीसाठी नेट-सेटसारखी पात्रता परीक्षा सक्तीची झाली. १९९५ मध्ये यूजीसीनं नियम सुधारला आणि ३१ डिसेंबर १९९३ पर्यंत पीएचडीचा प्रबंध सादर केलेल्यांना सूट दिली. ज्याच्याकडं त्या तारखेच्या आतली पोच, त्याची नोकरी निर्धास्त. शिक्का महत्त्वाचा झाल्यावर आतल्या वेलांट्यांची चिंता कोण करतो!

१९९४ हे साल आमच्याकडं दोनदा मोजलं जातं. १४ जानेवारीला मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला, आणि १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनी, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं. पहिले कुलगुरू डॉ. जनार्दन वाघमारे, लातूरच्या शाहू कॉलेजचे माजी प्राचार्य. विष्णुपुरीला विद्यापीठ आलं आणि औरंगाबादची रात्रीची एसटी सुटली. देगलूर, उदगीर, अहमदपूर, किनवट इथला माणूस सकाळी निघून काम उरकून संध्याकाळी घरी जाऊ लागला. घरात पहिल्यांदाच कॉलेज बघितलेली मुलं-मुली प्रबंध लिहू लागली.

त्याच सुमारास टाइपरायटर कोपऱ्यात गेले आणि संगणक आले. श्रीलिपी, आयएसएम अशी सॉफ्टवेअरं आणि त्यांचे फाँट आले. चूक सुधारणं फुकटात पडू लागलं आणि तिथंच वाचन मागं पडलं. 'आत्ता असू द्या, शेवटी बघू,' हे वाक्य मी पहिल्यांदा संगणकासमोर ऐकलं. शेवट म्हणजे सादर करायची आदली रात्र. फाँटांची आणखी एक खोड होती: एका दुकानातली फाइल दुसऱ्या दुकानात उघडली तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला. पुढं युनिकोडमध्ये रूपांतर करायची वेळ आली, तेव्हा 'दुसऱ्या'चं 'दुस-या' झालं, रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसला. आजही करेक्शनला येणाऱ्या मराठी प्रबंधांत निम्मा वेळ यातच जातो.

खरा बदल २००९ च्या यूजीसी नियमांनी झाला. पीएचडी जाहीर झाल्यावर ३० दिवसांत प्रबंधाची सॉफ्ट कॉपी द्यायची, असं त्यात आलं. २०१६ च्या नियमांनी क्रमच उलटवला: मूल्यमापन पूर्ण झाल्यावर, पण पदवी जाहीर होण्याआधी, प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत इन्फ्लिबनेटकडं गेली पाहिजे. तिथून ती शोधगंगा या प्रबंधांच्या खुल्या ऑनलाइन संग्रहावर चढते. म्हणजे व्हायवा आणि नोटिफिकेशन यांच्यामधली जी फट पूर्वी मिठाई वाटण्यात जायची, तिला आता काम लागलं. २०१८ मध्ये वाङ्मयचौर्याचे नियम आले. दहा टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं, त्यावर शिक्षेच्या पायऱ्या सुरू. जुन्या फाँटातली पीडीएफ मात्र यंत्राला मराठी म्हणून वाचताच येत नाही आणि शोधणाऱ्याला त्यातला शब्द सापडत नाही. लातूरच्या डाळ बाजारावर कितीही चांगला प्रबंध असू द्या, 'लातूर' टाकल्यावर तो निघालाच नाही तर काय उपयोग?

म्हणून 'मायनर करेक्शन' ऐकून हसणाऱ्या नव्या डॉक्टरांना मी खुर्ची देते. कपाटातल्या चुकीला शुद्धिपत्र पुरत होतं, कारण वाचणारे मोजके होते. आता किल्लारीच्या भूकंपावरच्या तक्त्यात एक आकडा चुकला, तर तो कुठलाही विद्यार्थी घरबसल्या उतरवून घेतो, त्याचा संदर्भ देतो आणि तीच चूक पुढच्या प्रबंधात जाते. दुरुस्ती सगळ्यांत सोपी झाली नेमक्या त्या काळात, जेव्हा ती सगळ्यांत गरजेची झाली.

माझ्या दुकानात म्हणून एक नियम आहे. परीक्षकाच्या यादीतल्या दुरुस्त्या मी करते, पण फाइल देण्याआधी संशोधकानं शेजारी बसून तक्ते आणि संदर्भसूची मोठ्यानं वाचायची, मी पडद्यावर बोट ठेवणार. काही जण चिडतात. "ताई, व्हायवा झालाय माझा," म्हणतात. झालाय ना? मग आता परीक्षकाची भीती नाही, मार्कांची नाही. आपलं लिखाण निवांत वाचायची ही पहिलीच वेळ आहे, ती घालवू नका.