काजळी जळते, राख उरते

डिझेलच्या धुरातली काजळी अडवणं त्या मानाने सोपं होतं. १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीत रॉडनी बॅगले, अर्विन लॅकमन आणि रोनाल्ड लुईस यांनी पेट्रोल गाड्यांच्या कॅटॅलिस्टसाठी पोळ्यासारखा जाळीदार सिरॅमिकचा ठोकळा घडवला. पुढे त्याच ठोकळ्यातल्या नळ्या एकाआड एक बुजवल्या, एकीचं पुढचं तोंड तर शेजारचीचं मागचं. आता धुराला भिंतीतून झिरपण्यावाचून वाट उरली नाही. भिंत जेमतेम ०.३ मिलिमीटरची, वायू पलीकडे गेला, काजळी अलीकडे राहिली. झाला डीपीएफ, म्हणजे डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर. खरी पंचाईत पुढेच होती: साठलेली काजळी काढायची कशी?

जाळून टाकायची, हे उघड उत्तर. पण ती पेटायला सुमारे ६०० अंश सेल्सियस लागतात आणि डिझेलचा धूर एरवी तेवढा तापत नाही. मर्सिडीजने १९८५ साली कॅलिफोर्नियातल्या गाड्यांत फिल्टर थेट टर्बोच्या आधी बसवला, कारण धूर तिथे सर्वांत गरम. झालं असं, की फिल्टरचे कण सुटून टर्बोत जाऊ लागले आणि काही वर्षांतच तो प्रयोग गुंडाळावा लागला.

जॉन्सन मॅथी कंपनीच्या बॅरी कूपर आणि जेम्स थॉस यांनी दुसरीच वाट धरली. फिल्टरच्या आधी प्लॅटिनमचा कॅटॅलिस्ट ठेवला, की धुरातल्या नायट्रिक ऑक्साइडचा नायट्रोजन डायऑक्साइड होतो आणि त्याच्या संगतीत काजळी २५०-३०० अंशांपासूनच जळू लागते. माझ्या मते या साऱ्या कुळातली सर्वांत देखणी कल्पना हीच. फक्त तिला गंधक अगदी कमी असलेलं डिझेल लागतं, आणि ते मिळायला जगाला बराच वेळ लागला. प्यूजोने २००० साली ६०७ या गाडीत इंधनातच सेरियमचं संयुग मिसळून काजळीचा ज्वलनबिंदू खाली आणला.

मोठ्या यंत्रांची गोष्ट निराळी. बोगद्यात धूर कोंडतो, म्हणून १९९०च्या दशकात स्वित्झर्लंड, जर्मनी आणि ऑस्ट्रियातल्या कामगार अपघात विमा संस्थांनी ‘व्हर्ट’ प्रकल्पात खोदकामाच्या यंत्रांवर फिल्टर तपासले. पुढ्यात आल्प्सखालच्या लांबलचक बोगद्यांची कामं होती. पण अशी यंत्रं एका भाराने चालत नाहीत. डंपर येईपर्यंत पोकलेन आयडलवर घरघरत राहतो, धूर कोमट राहतो, काजळी साचते. म्हणून कंट्रोलर जादा डिझेल धुरात सोडतो, ते कॅटॅलिस्टवर जळतं, फिल्टर तापतो आणि काजळी जळते; यालाच रीजन म्हणतात. एवढ्यानेही भागलं नाही तर पॅनेलवर दिवा लागतो: यंत्र सुक्या गवतापासून दूर उभं करा, रीजन चालू करा. अर्धा-पाऊण तास काम बंद. मुकादम ओरडतो, ऑपरेटर रीजन थांबवतो, आणि फिल्टर चोक होतो. दोष कोणाचा, यावर साइटवर रोज वाद.

एवढं सगळं जमलं तरी राख उरतेच. इंजिन ऑइलमधल्या कॅल्शियम, जस्त, मॅग्नेशियमच्या संयुगांची ही राख कितीही तापवा, जळत नाही. म्हणूनच २००६ साली कमी राखेचं ‘सीजे-४’ ऑइल आलं. अमेरिकी नियमांनुसार १३० किलोवॉट आणि त्यावरच्या इंजिनांत ४,५०० तासांपेक्षा लवकर फिल्टरची देखभाल कंपनी मागू शकत नाही.

देखभालीचा दिवस उगवला, की फिल्टर उतरवतात, धूर शिरण्याची बाजू खूण करून ठेवतात, वजन करतात. मग भट्टी. तापमान अगदी सावकाश चढवायचं. उरलेली काजळी एकदम भडकली तर सिरॅमिक तडकतं. थंड झाल्यावर धूर बाहेर पडण्याच्या बाजूने दाबाच्या हवेचा झोत, एकेका नळीत. राख आत गेली तशीच उलट्या वाटेने बाहेर येते. पुन्हा वजन, नवा असतानाच्या आकड्याशी जुळलं नाही, तर पुन्हा भट्टी. गाडी धुवायच्या पाण्याचा प्रेशर जेट इथे चालवायचा नसतो, ओल्या राखेचा गिलावा आतच घट्ट बसतो. आणि ही राख झाडूने उडवायचीही नसते: मास्क, बंद पेटी, धूळ ओढणारं यंत्र.

भारतात बांधकाम यंत्रांना ‘सीईव्ही स्टेज ५’ची धुरावरची मर्यादा १ जानेवारी २०२५पासून लागू झाली. वर्षाला दोन हजार तास चालणारं यंत्र ४,५०० तास सव्वादोन वर्षांत गाठतं. तोवर भट्टी असलेलं वर्कशॉप जवळपास असायला हवं.