शिकवणारं विमान

नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत माझी सगळी नोकरी टूलरूममध्ये गेली. सोनेगावला उतरणारं विमान डोक्यावरून गेलं की जेवणाच्या सुट्टीत वैमानिकांचा विषय निघायचाच. प्रदीप नाईक नागपुरात जन्मले, 1969 मध्ये हवाई दलात अधिकारी झाले, 2009 मध्ये हवाई दलप्रमुख, हे आमच्या पोट्ट्यांना तोंडपाठ. पण त्या काळातले कितीतरी कॅडेट ज्या विमानांवर उडायला शिकले, ती घडवली कोणी, हे कोणी विचारत नाही. त्याची मला फार खंत वाटते.

दुसऱ्या महायुद्धात आपल्या मुलांचं शिक्षण लाहोरजवळ वॉल्टनला सुरू व्हायचं, मग बेगमपेठ किंवा जोधपूर, मग अंबाला. पहिले धडे टायगर मॉथवर. दुहेरी पंखांचं, कापड ताणलेलं इंग्रजी विमान ते. त्याची जागा घेणारं देशी विमान तयार केलं डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी. मूळचे गडहिंग्लजकडचे. जर्मनीत गॉटिंगेनला वायुगतिकीचे शास्त्रज्ञ प्रांटल यांच्या हाताखाली डॉक्टरेट केली आणि वालचंद हिराचंदांनी 1940 मध्ये बंगळूरला उभारलेल्या विमान कारखान्यात आले. त्यांचं एचटी-2 1951 मध्ये उडालं. पुढे घानाच्या नव्या हवाई दलानेही ते घेतलं.

सगळं धातूचं, दोघं एकामागे एक बसायचे. तिसरं चाक शेपटाखाली, त्यामुळे जमिनीवर नाक वर आणि समोरचं काही दिसायचं नाही. मुलाला नागमोडी वळणं घेत, आलटून पालटून दोन्ही बाजूंनी बघत धावपट्टी गाठावी लागे. उतरताना पाय रडरवर ढिले पडले की शेपूट गर्रकन फिरायला बघणार! त्या चाकाने पाय जागे ठेवायला शिकवलं. ॲप्रेंटिसला पहिलं मशीन देताना आम्हीही हेच पाहायचो: चूक झाली तर मशीनने ती सोसावी, पण झाकू नये.

1964 मध्ये घाटग्यांचं किरण हे शिकवणारं जेट उडालं. त्यात खुर्च्या शेजारी-शेजारी आहेत, आणि मला हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. एकामागे एक बसलं की मुलाची चूक प्रशिक्षकाला बहुतेकदा विमान हललं की कळते. शेजारी बसलेला आधीच बघतो की पोराने दांडी किती घट्ट आवळली आहे, आणि त्याची नजर उपकरणांवर आहे की बाहेर.